आरोपीला कोर्टाची भाषाच कळत नाही, मग दुभाषी कसा मागायचा आणि कोणाला नेमायला लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई विधी सेवा प्राधिकरणाच्या डिफेन्स काउन्सेल ऑफिसात नव्याने लागल्यात. मेळघाटातला कोरकू आरोपी, खुनाचा आरोप, केस सेशन्सला. आरोपीला मराठी जेमतेम येतं आणि तीन साक्षीदार कोरकूच बोलणारे. पहिल्या साक्षीला कोर्टात उभ्या असलेल्या पोलीस शिपायालाच "काय म्हणतोय तो, सांग" असं सांगितलं गेलं आणि साक्ष उरकली. हे चालतं का, दुभाष्याचा हक्क कुठे लिहिलाय, पैसे कोण देणार आणि जी साक्ष होऊन गेली तिचं आता काय करायचं?

ताई, शिपायाचं आधी सांगतो, नाही चालत. कायद्यात "पोलीस दुभाषी नको" असं नेमकं वाक्य तुम्हाला सापडणार नाही, पण ज्या पोलीस स्टेशनच्या तपासावर खटला उभा आहे त्याच स्टेशनचा माणूस साक्षीदाराच्या वतीने बोलायला लागला तर ती साक्ष साक्षीदाराची राहिली कुठे? मी २६ वर्षं क्रिमिनल साइडला आहे, त्यातली बरीच वर्षं कोरकू माणसांच्या केसेस करण्यात गेली, आणि सरकारी वकील, पैरवी अंमलदार (कोर्टात केस बघणारा पोलीस), कोर्टाचा स्टाफ, आपण वकील, सगळे चांगले असूनसुद्धा ही गोष्ट सगळे मिळून सोडून देतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. वेळ नसतो, बोर्डावर पन्नास मॅटर असतात, आणि समोरचा माणूस गप्प उभा असतो.

आता कायदा. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम २७९, तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३१४. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल आणि तो स्वतः कोर्टात हजर असेल तर ती साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत, उघड्या कोर्टात, समजावून सांगितलीच पाहिजे. तिथे "शॅल" आहे, "मे" नाही, म्हणजे कोर्टाची मर्जी नाही तर कोर्टाचं काम आहे. दुसरं कलम २७७, नवं ३१२, साक्षीदार कोर्टाच्या भाषेव्यतिरिक्त दुसऱ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास त्याच भाषेत नोंदवायचं, नाही जमलं तर साक्ष चालू असतानाच खरं भाषांतर तयार करायचं आणि त्यावर न्यायाधीशांची सही. तिसरं २८२, नवं ३१७, दुभाष्याने खरंच भाषांतर करायचं हे त्याच्यावर बंधनकारक. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, गुन्हा त्याच्या आधीचा असेल आणि केस तेव्हा चालू असेल तर जुनेच नंबर लावा, नाहीतर पहिल्याच वाक्यात समोरून हरकत येईल.

आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण म्हणून कोर्टात आलेल्या प्रत्येकाची भाषा मराठी होत नाही ना. कोरकू तर मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडा गटातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. गडचिरोलीची माडिया-गोंडी द्रविड कुळातली. शहादा-धडगावकडची भिली-पावरी आपल्या कानाला थोडीफार ओळखीची वाटते म्हणून तिथे तर आणखी धोका, कारण सगळ्यांना वाटतं कळतंय. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात, गोंडी जवळपास तीस लाख, भिली एक कोटीच्या वर. एवढी माणसं, आणि यातली एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे कोर्टाकडे तयार पॅनेल वगैरे असेल अशी आशा ठेवून बसू नका.

तुमचा पहिला सामना मात्र कायद्याशी नसेल, तो "अहो त्याला कळतं की मराठी" या वाक्याशी असेल. मेळघाटात बाजाराची हिंदी जवळपास सगळ्यांना येते. मीठ-तेल घेणं, रोजंदारीचे पैसे मागणं, एसटीचं तिकीट काढणं, एवढ्यापुरती. त्या हिंदीत "घटनास्थळी आरोपीची उपस्थिती" कळत नाही. आणि कोर्टाने विचारलं "मराठी समजते का?" तर माणूस "हो" म्हणणारच, साहेबासमोर नाही म्हणायची हिंमत कोण करतो. म्हणून तो प्रश्न विचारूच देऊ नका. कोर्टाला विनंती करा की आरोपीला मोकळा प्रश्न विचारावा, मागच्या तारखेला काय झालं ते स्वतःच्या शब्दांत सांग, किंवा आत्ता वाचून दाखवलेला चार्ज काय आहे ते परत सांग. तीस सेकंदात सगळ्या कोर्टाला कळतं की याला काय कळतंय. जेलच्या भेटीत हे तुम्ही आधी करून बघा आणि तुमच्या फाईलला टिपण ठेवा.

मग लेखी अर्ज. तोंडी विनंती हवेत जाते. अर्जात आरोपीची मातृभाषा, शिक्षण, कुठल्या साक्षीदारांची भाषा कोणती, कलमं, आणि शक्य असेल तर दुभाष्याचं नाव सुचवून द्या, एकापेक्षा जास्त नावं दिलीत तर बरं कारण सरकार पक्षाचा से (लेखी म्हणणं) आला की एखाद्या नावाला विरोध होतोच. अर्जाला निशाणी नंबर (कोर्टाच्या फाईलमधला क्रमांक) पडू द्या आणि त्यावर ऑर्डर घ्या, नामंजूर झाला तरी चालेल पण ऑर्डर पाहिजे. कारण सांगतो. सुप्रीम कोर्टाने १९६७ च्या शिवनारायण काबरा विरुद्ध मद्रास राज्य या केसमध्ये म्हटलंय की साक्ष समजावून न सांगणं ही अनियमितता आहे, तेवढ्यावरून सगळा खटला रद्द होत नाही, आरोपीचं त्यामुळे नुकसान झालं हे दाखवावं लागतं. म्हणजे खालच्या कोर्टात तुम्ही गप्प राहिलात आणि अपिलात पहिल्यांदा ओरडलात तर पहिला प्रश्न येणार, तेव्हा हरकत का नाही घेतली, वकील तर हजर होते. तुमचा अर्ज, त्यावरची ऑर्डर आणि त्या दिवशीचा रोजनामा (कोर्टात काय झालं याची रोजची नोंद) हेच पुढे आरोपीचं संरक्षण आहे.

दुभाषी कोण असावा? आश्रमशाळेचे शिक्षक, रिटायर्ड असतील तर उत्तम, अंगणवाडी सेविका, आशा ताई, कॉलेजात शिकणारी त्या समाजातली मुलं. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला कोर्टामार्फत पत्र गेलं की नावं मिळतात. अजून एक जागा बऱ्याच वकिलांना माहीतच नसते, पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) २०२० च्या नियमांत नियम ५ आहे, त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, भाषांतरकार, विशेष शिक्षक यांचं रजिस्टर ठेवायचं असतं. तुमची केस पोक्सोची नाही हे मला कळतं, पण रजिस्टरवरचा माणूस तर तोच ना, कोर्टाला सांगा तिथून बोलवा. पोलीस पाटील मात्र नको, तो गावातला असला तरी पोलिसांच्या कामाशी बांधलेला असतो आणि बऱ्याचदा पंच किंवा साक्षीदार तोच असतो. गावातल्या भांडणात कोण कुठल्या बाजूला आहे हेही बघा, नात्यातला नको. बाईची साक्ष असेल आणि विषय तसा असेल तर बाईच दुभाषी मागा. आणि नाव ठरण्याआधी दोघांना पाच मिनिटं एकमेकांशी बोलू द्या, कोर्टासमोरच, केसबद्दल नाही, गाव-शेती-पाऊस यावर. गोंडीच्या बाबतीत तर हे केलंच पाहिजे, किनवटकडची गोंडी आणि भामरागडची माडिया यात इतका फरक आहे की कागदावर दोन्ही "गोंडी" लिहिलं तरी माणसं एकमेकांकडे बघत राहतात.

शपथ विसरू नका. १९६९ च्या ओथ्स ॲक्टच्या कलम ४ प्रमाणे साक्षीदारासारखीच दुभाष्यालाही शपथ द्यायची असते, फक्त कोर्टाचा नेमलेला सरकारी दुभाषी असेल तर दर वेळी लागत नाही. बाहेरून आणलेल्या माणसाला लागते. साक्षीच्या वरच्या बाजूला दुभाष्याचं नाव, तो काय करतो, त्याला कोणत्या भाषा येतात आणि शपथ दिली हे सगळं टाईप झालं पाहिजे. तुमच्या पहिल्या साक्षीत शिपायाला शपथ दिल्याची नोंद आहे का ते आजच सर्टिफाईड कॉपी काढून बघा, माझा अंदाज आहे नसेल. आणि दुभाष्याला समजावून सांगा, घाबरवून नाही, की शपथ घेऊन जाणूनबुजून चुकीचं भाषांतर केलं तर ती खोटी साक्षच धरली जाते, आयपीसीच्या (जुनी भारतीय दंड संहिता) १९१ कलमाच्या उदाहरणांत दुभाष्याचं उदाहरण मुद्दाम दिलेलं होतं आणि तिच्या जागी आलेल्या बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) २२७ मध्येही ते तसंच आहे.

आता खरी मेख, साक्ष चालू असताना काय ऐकायचं. कोरकू तुम्हाला येत नाही, मलाही तोडकीमोडकीच येते, पण भाषा न येताही बरंच कळतं. साक्षीदार एक मिनिट बोलला आणि दुभाषी म्हणाला "नाही म्हणतो", तर तिथेच उभं राहा. दुभाष्याने सारांश सांगायचा नसतो, जेवढं बोलला तेवढं सांगायचं असतं, आणि "तो म्हणतो की" न म्हणता "मी" म्हणून सांगायचं असतं, "मी शेतात होतो", "मी आवाज ऐकला". दोघं आपापसात बोलायला लागले, दुभाषी त्याला काहीतरी समजावतोय असं दिसलं, तर कोर्टाला सांगा की ते बोलणंसुद्धा आम्हाला कळलं पाहिजे. पहिल्यांदा उठाल तेव्हा कोर्ट वैतागेल, तिसऱ्यांदा उठाल तेव्हा दुभाषी आपोआप सुधारलेला असेल.

शब्दांचं तर विचारू नका. आपल्या मराठीतलंच बघा, "त्यानं तिला मारलं", यात झोडपलं की जीव घेतला? दोन्ही अर्थ होतात. दुभाष्याने "मारलं" म्हटलं, स्टेनोने त्याचा कुठला तरी एकच अर्थ पक्का करून टाईप केला, आणि खुनाच्या केसमध्ये तो एक शब्द पुढे हायकोर्टात इंग्रजी भाषांतर होताना "किल्ड" होऊन बसतो. म्हणून अशा प्रत्येक क्रियापदाला थांबवा, कशाने मारलं, कुठे मारलं, त्यानंतर ती बोलत होती का, असं फोडून विचारायला लावा. तसंच "हो" चं. "तू तिथे गेला नव्हतास ना?" याला आपला माणूस "हो" म्हणतो म्हणजे "हो, नव्हतो गेलो". इंग्रजीत याचं उलटं होतं. त्यात पुन्हा आपली क्रॉसची (उलटतपासणीची) ठरलेली भाषा, "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या रात्री दारू प्यायलो नव्हतो". हे वाक्य मला स्वतःला दोनदा वाचावं लागतं, ते एका आश्रमशाळेच्या मास्तरांनी कोरकूत करून, त्याचं उत्तर परत मराठीत आणून, त्यात नकार किती उरले हे कोण सांगणार? दुभाषी असेल त्या दिवशी क्रॉसची सवय बदला. छोटे प्रश्न, एका प्रश्नात एकच गोष्ट, नकारार्थी प्रश्न शक्यतो नाहीच. सजेशनसुद्धा (आपलं म्हणणं साक्षीदारासमोर ठेवणारा प्रश्न) सरळ द्या, "तू दारू प्यायला होतास" आणि उत्तर येईल तसं लिहून घ्या.

आणि साक्ष संपली की वाचून दाखवणं. कलम २७८, नवं ३१३. नोंद ज्या भाषेत झाली ती साक्षीदाराला कळत नसेल तर ती त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगायची, आणि तो म्हणाला हे चुकलंय तर कोर्टाने ते दुरुस्त करावं किंवा निदान त्याच्या हरकतीचं टिपण करावं. व्यवहारात काय होतं तर खाली "वाचून दाखवले, बरोबर आहे" हे छापल्यासारखं येतं आणि अंगठा घेतला जातो. इथे पाच मिनिटं मागा. मला तर वाटतं सगळ्या प्रक्रियेत हीच पाच मिनिटं सगळ्यात जास्त कामाची आहेत, कारण चूक सापडली तर ती साक्षीदार खाली उतरायच्या आधीच सापडते.

माझ्यासोबत झालेलं सांगतो. बरीच वर्षं झाली, एका सेशन्स केसमध्ये एक म्हातारी साक्षीदार होती, दुभाषी म्हणून असाच एक पोलीस कर्मचारी उभा केला. मी नवा नव्हतो पण गप्प बसलो, मला वाटलं एवढ्याने काय होतंय. साक्षीत आलं की तिने आरोपीला कुऱ्हाड घेऊन जाताना पाहिलं. संध्याकाळी आरोपीची बायको कोर्टाच्या आवारात मला म्हणाली, आजी तर म्हणत होती की लोकांनी सांगितलं. पाहिलं आणि ऐकलं, एवढाच फरक, आणि त्यावर माणसाचा जन्म जाणार होता. मी सीआरपीसी ३११ खाली साक्षीदार परत बोलवायचा अर्ज केला, सोबत बायकोचं प्रतिज्ञापत्र जोडलं. सरकार पक्षाने विरोध केला, पण कोर्टाने अर्ज मंजूर केला आणि दुसऱ्या वेळी एक रिटायर्ड शिक्षक आले. आजीने शांतपणे सांगितलं, मी घरात होते, शेजारणीने येऊन सांगितलं. ती पहिली संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही, कारण त्या बाईने सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

म्हणून तुमच्या पहिल्या साक्षीसाठी हाच रस्ता, आता तेच बीएनएसएसचं कलम ३४८ आहे. अर्जात नुसतं "दुभाषी पोलीस होता" लिहून थांबू नका, शपथ नाही, नोंद नाही, परत वाचून दाखवलं नाही आणि अमुक अमुक उत्तरं संशयास्पद आहेत असं उत्तरांचे परिच्छेद देऊन लिहा. आरोपीच्या घरचं कोणी कोर्टात बसलं होतं का विचारा, त्यांनी काय ऐकलं ते महत्त्वाचं. उशीर मात्र करू नका, बाकीच्या साक्षी झाल्यावर अर्ज केला की तो उणिवा भरून काढायचा प्रयत्न वाटतो.

तपासातली कागदंही याच नजरेने वाचा. पोलिसांनी घेतलेले जबाब सगळे अस्खलित मराठीत असतील, "सदर इसमाने माझे समक्ष" वगैरे. कोरकू बाईने हे सांगितलं कोणत्या भाषेत, लिहिणाऱ्याला कोरकू येत होतं का, नसेल तर मध्ये कोण होतं, त्याचं नाव जबाबात का नाही, त्याला साक्षीदार का केलं नाही? तपास अधिकाऱ्याच्या क्रॉसमध्ये हे प्रश्न एकेक करून घ्या. पंचनाम्याचंही तसंच, पंचांना काय वाचून दाखवलं आणि कोणत्या भाषेत. अटकेची कारणंही बघा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या हिट अँड रन प्रकरणातून आलेल्या निकालात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत द्यायची, लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून निदान रिमांडला हजर करायच्या दोन तास आधी लेखी. पुढच्या अटकांसाठी आहे ते, तुमच्या आरोपीची तारीख बघून घ्या. तशी भाषेची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, १९६२ सालीच हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या स्थानबद्धतेच्या केसमध्ये, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला इंग्रजीत कारणं देऊन तोंडी भाषांतर करून सांगितलं तर ते पुरेसं नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं. दोषारोपपत्राचं मात्र वेगळं आहे, ते दुसऱ्या भाषेत आहे म्हणून बेकायदा ठरत नाही, भाषांतर मागता येतं, हे २०२३ च्या सीबीआय विरुद्ध नरोत्तम धाकड मध्ये आलंय.

पैशांचं. आरोपीने एक रुपया द्यायचा नाही, त्याच्या घरच्यांना कोणी "दुभाषी तुम्हीच आणा, खर्च तुमचा" म्हणालं तर ते तुम्ही थांबवा. दुभाषी कोर्टाला लागतो, कोर्टाने बोलवायचा, त्याचा भत्ता कोर्टाच्या खर्चातून, ऑर्डरमध्येच रक्कम आणि जाण्यायेण्याचं लिहून घ्या म्हणजे नाझरकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणारा) अडत नाही. तुमचा आरोपी अनुसूचित जमातीचा आहे, त्याला विधी सेवा प्राधिकरणाची मदत उत्पन्न न बघता मिळते, तेव्हा तुमच्या ऑफिसमार्फतही पत्र टाका. पोक्सोच्या नियमांत दुभाष्याला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी द्यायचं नाही असं आहे, तो आकडा इथेही आधार म्हणून दाखवा. दुभाषी म्हणून नेमलेले मास्तर धारणीहून दोनदा एसटीने येतात, दोनदा साक्षीदार गैरहजर, आणि हातात काहीच नाही, तर तिसऱ्यांदा कोण येईल? लांबच असतील तर बीएनएसएसच्या कलम ५३० चा आधार घेऊन व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने जोडायची विनंती करा, फक्त आवाज नीट येतो का ते आधी तपासा. मोबाईलचं भाषांतराचं ॲप कोणी सुचवलं तर स्पष्ट विरोध करा, ॲप शपथ घेत नाही आणि त्याला क्रॉस करता येत नाही.

तुमच्या तीन साक्षीदारांत कोणी मूकबधिर असेल (असं खूपदा ऐनवेळी कळतं म्हणून सांगून ठेवतो) तर राजस्थान विरुद्ध दर्शन सिंग, २०१२, वाचाच. तिथे साक्षीदार बाईचे वडीलच दुभाषी होते, त्यांना शपथ नाही, आणि तिने केलेल्या खुणा नोंदवल्या नाहीत, फक्त त्यांचा अर्थ लिहिला. खूण काय केली तेही लिहायचं असतं आणि अर्थही. खेड्यातल्या मूकबधिर माणसाला शिकवलेली सांकेतिक भाषा येत नसते, घरातल्या खुणा असतात, त्यामुळे तज्ज्ञ आणि घरचं माणूस दोघं लागतात.

शेवटी कलम ३५१, जुनं ३१३, आरोपीचा जबाब. पूर्ण खटल्यात तो स्वतःच्या तोंडाने एवढ्याच दिवशी बोलणार आहे. त्या दिवशी दुभाषी नसेल तर सरळ तारीख मागा. कलमातच आहे की प्रश्न तयार करताना कोर्ट दोन्ही वकिलांची मदत घेऊ शकतं, तेव्हा प्रश्नांची प्रत आधी मागा आणि अर्ध्या पानाचे प्रश्न फोडून छोटे करायची विनंती करा. मास्तरांना घेऊन जेलमध्ये एकदा जाऊन या, प्रत्येक पुराव्याचा मुद्दा त्याला कोरकूत कळला का बघा, आणि त्याला जे म्हणायचंय ते लेखी जबाब म्हणूनही दाखल करता येतं, त्याच्या भाषेतून मराठीत आणलेलं, खाली मास्तरांच्या सहीचं, की मी हे त्याला परत वाचून दाखवलंय. तारीख लवकरची असेल तर भेटीची परवानगी उद्याच टाका, दुभाष्याचं नाव घालून, जेलवाले ऐनवेळी दुसऱ्या माणसाला आत सोडत नाहीत.